पहिल्या बर्फाळ ट्रेकआधी: हिमस्खलन मुंबईत बसून कसं समजून घ्यावं

डिसेंबर लागला की ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केदारकंठाचे फोटो सुरू होतात. मग प्रश्नांचा पाऊस पडतो. थर्मल किती जोड घ्यायचे? बूट भाड्याने मिळतात का? पायथ्याच्या सांकरी गावात नेटवर्क असतं का? गेली पंधरा वर्षं मी या प्रश्नांना उत्तरं देतोय. पण ज्या वाटेने जाणार आहोत तिच्या डोक्यावर कुठला उतार आहे, हे मला आजवर दोन-तीन जणांनीच विचारलं असेल.

केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास हे ट्रेक तुलनेने सौम्य आहेत, त्यामुळे तिथे जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्यानंतर माणूस सार पासला जातो, मग रुपिन पासला, मग पांगरचुल्लाला. या चढत्या भाजणीत बर्फ समजून घ्यायचं कुठेतरी राहूनच जातं. ते समजून घेण्याचं निम्मं काम मुंबईतच होतं, आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे, कारण डोंगरावर पोचेपर्यंत दिवस, वाट आणि सोबत ठरलेली असते.

आधी सह्याद्रीच्या तीन सवयी सोडा

पहिली सवय म्हणजे नळी. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्या माणसाला घळ दिसली की हात शिवशिवतात. सह्याद्रीत वर जायचा सरळ मार्ग बरेचदा घळीतूनच असतो. बर्फात मात्र घळ ही वाईट जागा. वरचं सगळं बर्फ तिच्यातूनच खाली येतं, आणि माणूस सापडला तर ते पसरायला जागा नसल्याने त्याच्यावर खोल साचतं. उघड्या उतारावर अर्धा मीटर पसरलं असतं, ते घळीत तीन मीटर होतं. ओढ्याचं पात्र, कड्याखालची खोलगट जागा, उताराखालून जाणारा रस्ता, सगळीकडे हाच हिशेब.

दुसरी म्हणजे मळलेली वाट. सह्याद्रीत पावलं दिसली की आपण निर्धास्त होतो. बर्फातल्या पावलांवरून एवढंच कळतं की कुणीतरी इथून गेलं आणि त्या वेळी उतार सुटला नाही, म्हणजे त्यावरचं बर्फ घसरलं नाही. दहावा माणूस गेल्यावरही तो सुटू शकतो, कारण एखाद्या जागी वरचा थर पातळ असतो आणि नेमका त्याचा पाय तिथे पडतो.

तिसरी म्हणजे ‘मी ही वाट केलीय’. राजमाचीची वाट जूनमध्ये निसरडी झाली तरी जागा बदलत नाही. हिमालयातली मे महिन्यातली वाट आणि फेब्रुवारीतली वाट या दोन वेगळ्या वाटा आहेत. उन्हाळ्यात उताराच्या मधून आडवी जाणारी पाऊलवाट फेब्रुवारीत बर्फाखाली असते, आणि तेव्हा तिथून जायचंच नसतं.

स्लॅब म्हणजे काय

स्लॅब हा शब्द मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. जुन्या इमारतीचा स्लॅब कोसळला ही बातमी दर पावसाळ्यात असते. बर्फाचा स्लॅबही तसाच: बऱ्यापैकी एकजीव झालेला मोठा थर, ज्याच्या खालचा आधार कुजलेला आहे.

सैल बर्फ एका बिंदूपासून सुटतं आणि खाली पंख्यासारखं रुंद होत जातं. ते बहुधा लहान असतं, तरी कड्याच्या काठावरून खाली ढकलायला पुरेसं. माणसं जास्त मरतात ती स्लॅबमध्ये. तिथे वर आडवी चीर पडते आणि पन्नास-शंभर मीटर रुंदीचा अख्खा तुकडा एकदम निघतो. तुम्ही त्याच्या मधोमध उभे असता. वरून कोसळलेल्या बर्फाने माणूस गाडला जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात डोंगरात फिरणाऱ्यांच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी साधारण नऊ वेळा तो उतार त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुटवलेला असतो.

त्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: पुरेसा उतार, वरचा स्लॅब, खालचा कच्चा थर आणि धक्का. धक्का बरेचदा आपला. उतार टाळणं आपल्या हातात. कच्च्या थराचं मात्र थोडं समजून घ्यावं लागतं.

जुहू चौपाटीवर गोळेवाला बर्फ किसतो, मुठीत दाबतो आणि काडीवर घट्ट बसवतो. दाबल्यावर कण एकमेकांना चिकटतात. डोंगरावरचं ताजं बर्फही असंच बसत जातं आणि काही दिवसांत घट्ट होतं. पण बर्फाचा थर पातळ असेल आणि रात्री निरभ्र, कडक थंडीच्या असतील तर उलटं घडतं. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा उणे पंधरा. खालची वाफ थरातून वर सरकते आणि वाटेत कण नव्याने घडतात: कोनदार, चकचकीत, सुटे, जाड साखरेसारखे. दर दहा सेंटिमीटरला तापमान एक अंशापेक्षा जास्त बदलत असेल तर ही प्रक्रिया जोर धरते. या साखरेचा गोळा होत नाही. मूठ उघडली की सगळं गळून जातं. हा झाला कच्चा थर.

डिसेंबरात बर्फ कमी असतं म्हणून धोकाही कमी, असं नवखा माणूस धरून चालतो. पण साखर तयार होते ती याच पातळ थरात. मग जानेवारीत तिच्यावर दोन-तीन फूट बर्फ एकदम पडतं.

दुसरा कच्चा थर दिसायला फार सुंदर असतो. थंड, शांत रात्रीनंतर सकाळी बर्फावर पिसांसारखे स्फटिक उगवलेले दिसतात. सगळे त्यांचे फोटो काढतात, मीही काढलेत. त्यांच्यावर नवं बर्फ पडलं की ती पिसं आत गाडली जातात आणि पुढे बरेच दिवस कच्चीच राहतात.

मैद्याचा प्रयोग

हे वाचून समजत नाही, हाताने केल्यावर समजतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, कारण मैदा वाया जातो.

एक मोठा ट्रे घ्या. त्यावर जुना खरबरीत नॅपकिन ताणून चिकटवा, म्हणजे तळ घसरणार नाही. त्यावर मैद्याचा थर हलकेच दाबून बसवा. त्यावर अर्धा सेंटिमीटर जाड साखर. तिच्यावर चाळणीने दोन-तीन सेंटिमीटर मैदा चाळा आणि हलकेच थोपटा. फोनमधलं कोनमापक चालू करून फोन ट्रेच्या कडेला टेकवा आणि ट्रेची एक बाजू सावकाश उचला.

काही वेळ काहीच होत नाही. मग वरच्या बाजूला एक चीर पडते आणि वरचा मैदा पत्र्यासारखा सरकतो. कोन बघून ठेवा. आता हाच प्रयोग साखरेशिवाय करा. तोच मैदा बऱ्याच जास्त कोनापर्यंत चिकटून राहतो. तिसऱ्यांदा पुन्हा साखर घालून ट्रे सुटण्याच्या जरा आधीच थांबवा आणि वरच्या मैद्यावर बोटाने टिचकी मारा. ते बोट म्हणजे आपण.

मुलं हा प्रयोग मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

आता उतार मोजायला शिका

स्लॅब बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि त्यातही ३८ च्या आसपास सर्वाधिक. त्यापेक्षा फार तीव्र उतारावर बर्फ साचतच नाही, थोडं थोडं सतत गळत राहतं. ३० अंशांच्या खाली स्लॅब क्वचितच सुटतो.

३० अंश म्हणजे किती, याबद्दल आपली समजूत चुकीची असते. उभ्या कड्यासारखं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. फोन घेऊन आपल्या इमारतीच्या जिन्यावर जा, नाहीतर स्टेशनच्या पुलावर, आणि फोन जिन्याच्या कठड्यावर टेकवा. साधारण ३० ते ३५ अंश निघतील. म्हणजे आपण रोज भाजीची पिशवी घेऊन चढतो तेवढाच तो उतार. दोन-चार वेगवेगळे जिने मोजले की डोळ्याला सवय लागते. लोकल चुकली तर तो वेळ यासाठी वापरा.

डोंगरावर फोन काढायचा कंटाळा असेल तर दोन सारख्या लांबीच्या ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक काठी उतारावर उभी धरा. दुसरी तिच्या माथ्याला लावून डोंगराच्या दिशेने आडवी धरा. आडव्या काठीचं टोक बरोबर उताराला टेकलं तर ४५ अंश. टेकायला काठीची लांबी कमी पडली तर उतार त्याहून सौम्य. काठीच्या मध्यावरच उतार लागला तर तो ६० च्या पुढे, तिथून आधीच खाली उतरलेलं बरं.

नकाशावरचा हिशेबही सोपा आहे. १०० मीटर उंची जर १७३ मीटर आडव्या अंतरात चढत असेल तर ३० अंश. १:५०,००० च्या नकाशावर ते अंतर साडेतीन मिलिमीटर होतं. म्हणजे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर १०० मीटर उंचीला साडेतीन मिलिमीटरपेक्षा जवळ दाटल्या असतील तर तो भाग लाल पेन्सिलीने रंगवा. उतार रंगवून दाखवणारी ॲप आहेत, ती वापराच. पण हिमालयासाठी त्यांच्याकडे असलेली उंचीची माहिती ढोबळ असते. दहा-वीस मीटरचा तीव्र टप्पा त्यात पुसला जातो, आणि स्लॅब सुटायला तेवढा पुरतो.

रंगवताना फक्त आपल्या पायाखालचा उतार बघू नका, डोक्यावरचाही बघा. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत लोक आपापल्या घरात झोपलेले होते, दरड वरून आली. बर्फाचंही तसंच: तंबू सपाट कुरणावर असेल आणि त्या कुरणावर दीड-दोन किलोमीटर वरचा उतार रिकामा होत असेल. कुरण कशामुळे मोकळं राहिलं, तिथे झाडं का नाहीत, हा प्रश्न स्वतःला विचारा. कधीकधी त्याचं उत्तर हेच असतं की दर काही वर्षांनी तिथून बर्फ येतं. आसपासच्या झाडांच्या डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या असतील तर तो मोठा पुरावा.

हवामान: दोरीचं दुसरं टोक

पश्चिम हिमालयातलं हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे पडतं. वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते हेच. भूमध्य समुद्राच्या बाजूने ते इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचं थंड वारं खाली उतरतं आणि मुंबईत पारा घसरतो. आपण कपाटातला एकुलता एक स्वेटर काढतो आणि मरीन ड्राइव्हला चहा प्यायला जातो. तेव्हाच तिकडे उतारांवर ताजं ओझं पडलेलं असतं. मला तर मुंबईत गारवा जाणवला की आधी हिमाचलचा अंदाज बघायची सवय लागली आहे.

निघायच्या दहा दिवस आधीपासून एक वही ठेवा. भारतीय हवामान विभागाचा अंदाज रोज बघून त्यात चार गोष्टी लिहा: किती बर्फ पडलं, वारा कुठून किती आला, तापमान किती वरखाली झालं, पाऊस पडला का. एका दिवसात फुटभर बर्फ पडलं असेल तर पुढचे दोन दिवस तीव्र उतार टाळायचेच. वारा त्याहून लबाड. आकाश निळंशार असतं आणि वारा एका बाजूचं बर्फ उचलून कड्यापलीकडच्या आडोशाच्या उतारावर रचत असतो. बर्फ न पडताही तिथे दोन-तीन फूट भर पडते. कड्याच्या काठावर बर्फाचा छज्जा लोंबत असेल तर समजावं की त्याच्याखालच्या उतारावर भरपूर माल साचलाय. त्या छज्ज्यावर उभं राहून फोटो काढू नये, हे सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

बर्फावर पाऊस पडणं सगळ्यांत वाईट. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन. सार पासला पहाटे अंधारात का उठवतात यावर दरवर्षी कुरकुर होते. रात्री गोठलेलं बर्फ सकाळी घट्ट असतं. दहा-अकरानंतर ते वितळायला लागतं, पाणी आत झिरपतं आणि ओले उतार सुटू लागतात. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी. उत्तरेकडचे सावलीतले उतार उन्हाने लवकर सुटत नाहीत, पण आतली साखर तिथेच जास्त दिवस टिकते.

हिमस्खलनाचे इशारे चंडीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था देते. डीजीआरई म्हणतात ती हीच, पूर्वीची सासे. हे इशारे जिल्हा आणि उंचीनुसार असतात, तुमच्या वाटेवरच्या उतारानुसार नाही. तरी वाचायचे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची छावणी हिमस्खलनाखाली गेली. ५४ पैकी ४६ जणांना वाचवलं, ८ गेले. आदल्या संध्याकाळी २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा दिलेला होता आणि त्यात चमोली जिल्हा होता. मुंबईकराला इशाऱ्यांचं फारसं काही वाटत नाही. ऑरेंज अलर्ट असला तरी लोकल चालू आहे ना, मग ऑफिस आहे. ही सवय सांकरीला बरोबर नेऊ नका.

युरोप-अमेरिकेत धोक्याच्या पाच पायऱ्या वापरतात. सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पायरीवर होतात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी बसतात, तिसरीला ‘मधलंच तर आहे’ म्हणून निघतात.

तिकिटाचा सापळा

मार्चचा शेवट, उत्तराखंड. आम्ही सहा जण, सगळे मुंबईचे, आणि एक स्थानिक वाटाड्या. माथा चारशे मीटर वर होता. सकाळी निघालो तेव्हा बर्फ कडक होतं. तासाभराने एका रुंद उताराच्या तोंडाशी पोचलो आणि पायाखालून आवाज आला. खोल, दबका, एखाद्याने गादीवर बसावं तसा. वाटाड्या थांबला, काठी बर्फात खुपसली आणि म्हणाला, “सरजी, आज नहीं.”

आम्ही हुज्जत घातली. मी सगळ्यांत जास्त. परवाची हरिद्वारहून वांद्र्याची गाडी होती, रजा संपत होती, ऊन स्वच्छ होतं. तो ऐकून घेत होता आणि हलत नव्हता. आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी दुसरा एक गट त्याच उतारावरून माथ्यावर गेला आणि हसत खाली आला. त्यांचे फोटो मी रेल्वेत बघितले आणि वर्षभर त्या वाटाड्याला नावं ठेवली.

पुढे शिकलो की तो दबका आवाज म्हणजे आतला कच्चा थर पायाखाली बसल्याचा आवाज. बर्फ आपल्याला याहून स्पष्ट काही सांगत नाही. दुसरा गट सुखरूप आला, यावरून आदल्या दिवशीचा निर्णय चुकीचा ठरत नाही. रस्त्यात गाडी न बघता पलीकडे गेलो आणि काही झालं नाही, एवढंच ते. डोंगर दर वेळी चूक दाखवून देत नाही. त्यामुळे दहा वर्षं चुका करूनही माणूस स्वतःला अनुभवी समजतो.

अनुभवाचं म्हणाल तर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत शिक्षणक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता. गेलेल्यांत सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही केली होती. आणि अगदी उलट टोकाला, ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथु लाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात जण दगावले. ते पर्यटक होते, गाडीतून उतरून बर्फ बघायला गेलेले.

म्हणून तिकीट काढतानाच दोन दिवस जादा धरा. ते खर्ची पडले नाहीत तर ऋषिकेशला काढा, गंगेकाठी झोपा. ट्रेक ठरवताना माथ्याबरोबर कमी उताराची पर्यायी वाटही नकाशावर आखून ठेवा, म्हणजे माघारी फिरणं हा पराभव न वाटता दुसरा बेत वाटतो. सहा दिवसांच्या ट्रेकसाठी सहाच दिवसांची रजा मिळत असेल तर मी तरी फेब्रुवारीत जाणार नाही. ऑक्टोबरचा एखादा कमी उंचीचा ट्रेक करीन.

नेणाऱ्याला विचारायचे प्रश्न

पैसे भरण्याआधी फोन करा. मागच्या आठवड्यात किती बर्फ पडलं, हे त्यांना ठाऊक आहे का? तीव्र उतार कुठे येतो आणि तो किती वाजता ओलांडतात? परत फिरायचं कुणी ठरवायचं, डोंगरावरच्या वाटाड्याने की ऑफिसातल्या माणसाने? गटात फावडी किती? शेवटच्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते. ‘आजपर्यंत काही झालं नाही’ हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे चौकशी करा.

सामान आणि जुहूची वाळू

तीव्र उतारांवर खरोखर जाणार असाल तर प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: बीकन, प्रोब आणि धातूचं फावडं. बीकन अंगावर बांधायचा, चालताना तो सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडत राहतो. कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापले बीकन शोधाच्या स्थितीत आणतात. चालताना फोन त्याच्यापासून किमान वीतभर दूर ठेवा, शोधताना दोन हात दूर, नाहीतर तो गोंधळतो. प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, अडीच-तीन मीटरची. तिने टोचून माणूस नेमका कुठे आहे ते कळतं. प्लास्टिकचं फावडं घेऊ नका. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं घट्ट होतं आणि प्लास्टिक त्यावर मोडतं.

या तिन्हीतली एक वस्तू कमी असली तर बाकीच्या दोन निरुपयोगी. आणि तिन्ही असून सराव नसेल तरीही. आम्ही सराव जुहूच्या ओल्या वाळूत करतो, ओहोटीला, सकाळी सहाला. पिशवीत बीकन घालून एकाने मीटरभर खोल पुरायचा, दुसऱ्याने घड्याळ लावायचं. शोधायला चार मिनिटं लागतात आणि खणायला पंधरा, हे कळल्यावर सगळे गप्प होतात. फिरायला आलेले काका विचारतात, “काय हरवलंय?” एकदा पोलिसांनीही विचारलं, त्यामुळे आधी कल्पना दिलेली बरी.

सळईने सापडलेल्या जागेच्या थेट डोक्यावर खणू नका. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत शिरा. दोघे पुढे खणतात, बाकीचे बर्फ मागे ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदलायचा.

गार्मिनसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परदेशी मित्राने दिली म्हणून घेऊन जाऊ नका. आपल्याकडे परवानगीशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे आणि लोकांना त्यापायी विमानतळावर अटक झाली आहे.

उतारावर

सकाळी तंबूतून बाहेर आलात की आधी समोरचे डोंगर बघा. काल-परवा सुटलेले उतार दिसतात का? त्याच दिशेला तोंड असलेला, तेवढ्याच कोनाचा तुमचा उतार असेल तर विषय संपला. चालताना पायापासून चीर पळत गेली किंवा तो गादीचा आवाज आला, तरी विषय संपला. चर्चा सपाटीवर जाऊन करा.

काही जण खड्डा खणून थर तपासतात. थर किती कडक आहे ते मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी यांतलं काय आत जातं त्यावरून ठरवतात. शिकण्यासाठी हे उत्तम. मात्र नवख्याने खड्ड्यात काही वाईट दिसलं तर मागे फिरावं. चांगलं दिसलं म्हणून पुढे जाऊ नये. वीस मीटरवर चित्र वेगळं असतं.

तीव्र उतार ओलांडावाच लागला तर एका वेळी एकच माणूस. बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवतात, गप्पा मारत नाहीत आणि फोटोही काढत नाहीत. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, नाहीतर काठ्या बर्फात अडकून हात खाली ओढतात. तोंडावर बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी पट्टी, ओढून घ्या. मध्ये थांबू नका. शक्य असेल तर धारेवरून किंवा दाट झाडीतून जा. झाडांमधून सहज स्की करता येईल इतकी ती विरळ असतील तर बर्फही तिथून सहज येतं.

सुटलंच तर

सापडलेल्याने ओरडायचं, बाजूला निसटायचा प्रयत्न करायचा, जमेल त्या झाडाला धरायचं, वर राहायची धडपड करायची. वेग कमी होतोय असं जाणवलं की एक हात तोंडासमोर आणून पोकळी करायची. थांबल्यावर बोटही हलत नाही.

बाकीच्यांनी तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवायची. वरून आणखी येण्यासारखं आहे का बघायचं, एकाला पहाऱ्यावर ठेवायचं आणि लगेच शोधाला लागायचं. मदत आणायला धावत गावात जाणं ही सगळ्यांत मोठी चूक. पूर्ण गाडलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ जगतात. अर्ध्या तासाला तिघांतला एक. गुदमरणं हे मुख्य कारण. बचाव पथक कितीही तत्पर असलं तरी अर्ध्या तासात पोचत नाही. बर्फावर पडलेला हातमोजा, काठी, टोपी आधी बघा, त्याच्या आसपास टोचा. गट मोठा असेल आणि नेटवर्क असेल तर एकाने ११२ लावावा.

चेहरा सापडला की आधी तोंडातलं बर्फ काढून श्वास मोकळा करा, छातीवरचं ओझं हटवा, मग बाकीचं अंग. श्वास नसेल तर तिथेच, अर्धवट खणलेल्या खड्ड्यातच कृत्रिम श्वास सुरू करा. बाहेर काढल्यावर आडवंच ठेवा, चोळू नका, उभं करू नका, ब्रँडी पाजू नका. खाली इन्सुलेशनची चटई, वर असतील तेवढ्या स्लीपिंग बॅग.

घरून निघताना एका कागदावर वाट, मुक्कामांच्या तारखा, वाटाड्याचा आणि जवळच्या पोलिस ठाण्याचा फोन लिहून घरच्यांकडे ठेवा. परतीची तारीख जादाचे दोन दिवस धरून लिहा, आणि त्या तारखेला रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही खाली लिहा. आमच्याकडे तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो.